लोखंडाचे संचित

माणदेशात पिकअप कुणी हौसेने घेत नाही. दहिवडी-म्हसवडपासून आटपाडी, विटा, जतपर्यंत पसरलेल्या या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात वर्षाचा पाऊस साडेचारशे-पाचशे मिलिमीटरच्या घरात, तोही मनाला येईल तेव्हा. अशा मुलखात संसार जितका शेतीवर तितकाच वाहतुकीवर चालतो. आटपाडीच्या बाजारात शेळ्या-मेंढ्या उतरतात त्या पिकअपमधून, डाळिंबाचे क्रेट निघतात ते पिकअपमधून. लग्नाचा मांडव, विहिरीवरची मोटर, कडब्याच्या पेंढ्या, उन्हाळ्यात प्लास्टिकच्या टाकीतले पाणी, सगळे त्याच हौद्यात. २०१२-१३च्या दुष्काळात आणि पुन्हा २०१९ साली म्हसवडला माणदेशी फाउंडेशनने जनावरांची छावणी चालवली, तेव्हा चारा-पाणी वेळेवर पोचणे हा गुरांच्या जगण्यामरण्याचा प्रश्न होता. म्हणून इथे गाडी घेताना ‘ॲव्हरेज किती देते’ हे नंतर विचारतात. आधी विचारतात, ‘दगा तर देत नाही ना?’ प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या पोटात एक जुना तात्त्विक पेच आहे. लोखंडावर भरवसा ठेवणे म्हणजे नेमके कशावर भरवसा ठेवणे? आणि तो मोडला तर दोष कुणाचा: गाडीचा, दैवाचा की माणसाचा?

खंडेनवमीला हा पेच उघड्यावर येतो. आश्विन शुद्ध नवमीला हत्यारे, अवजारे, यंत्रे पूजेला लागतात. पिकअप धुऊन-पुसून दारात उभी राहते. बॉनेटवर हळदकुंकवाची बोटे, पुढे झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, समोर फोडलेला नारळ. काचेवर ‘नाथबाबा प्रसन्न’ आधीपासून असतेच, कारण नवी गाडी शोरूममधून निघाली की पहिली फेरी बहुधा म्हसवडच्या सिद्धनाथाला, नाहीतर शिखर शिंगणापूरला. आणि दसरा उलटला की त्याच गाडीत, जिच्या कागदावर १७०० किलो लिहिले आहेत, अडीच टन कांदा चढतो. ही विसंगती दाखवून हसणे सोपे आहे. विवेकवादी म्हणतो, नारळ फोडल्याने स्प्रिंगचा पाटा तुटायचा राहत नाही. श्रद्धाळू म्हणतो, पूजा देवाची आणि वजन पोटाचे, दोन्हींचा संबंध जोडू नका. मला दोघांचेही पटत नाही, कारण दोघांनीही पूजा म्हणजे मागणे असे धरून चालले आहे. एकाला ते मागणे फोल वाटते आणि दुसऱ्याला रास्त. अवजाराच्या पूजेत मुळात मागणे नाहीच, देणे आहे. वर्षभर राबवून घेणारा माणूस एक दिवस त्या अवजारापुढे उभा राहून आपल्यावर बंधन घेतो, असा तिचा अर्थ आहे. विम्याचा हप्ता आणि व्रत यांत जो फरक, तोच इथे. आणि ज्याला आपण गाडीची विश्वासार्हता म्हणतो, तिचा मोठा भाग हे व्रत पाळले की मोडले यावरच ठरतो, असे मला दाखवायचे आहे.

त्यासाठी आधी गाडीखाली वाकावे लागेल. पिकअपमध्ये जादा चढवलेला बोजा जवळजवळ सगळा मागच्या धुरीवर, पाट्यांच्या गठ्ठ्यावर बसतो. पाटा तुटला की आपण म्हणतो, अचानक तुटला. १८४२ साली व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस असाच अचानक मोडला, डबे पेटले आणि पन्नासहून अधिक माणसे गेली. धडधाकट दिसणारा आस मोडतो कसा, याचे उत्तर पुढे जर्मन रेल्वेतले अभियंते ऑगस्ट व्होलर यांनी १८५० ते १८७०च्या दरम्यान केलेल्या प्रयोगांतून दिले. जे वजन धातू एकदा सहज पेलतो, तेच लाखो वेळा येत-जात राहिले की तो त्याच वजनाला मोडतो. प्रत्येक हेलकाव्याला आत केसाएवढी चीर किंचित पुढे सरकते. वरून रंग तसाच, चमक तशीच. म्हणजे पाटा आजच्या वजनाने तुटत नाही. आजचे वजन निमित्त असते, तुटतो तो आजवरच्या साऱ्या वजनांनी. बेअरिंगचे गणित त्याहून कडक आहे. रोलर बेअरिंगवरचा भार दीडपट झाला तर त्याचे आयुष्य तिसरा भाग कमी होईल असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात ते सुमारे चौथ्या हिश्श्यावर येते, आणि भार दुप्पट झाला तर दहाव्या. इथे त्रैराशिक चालत नाही. व्यवहारात मात्र सगळा हिशोब त्रैराशिकानेच होतो: दीडपट माल, दीडपट भाडे, थोडे जादा डिझेल, फायदाच फायदा.

ब्रेकचेही तसेच. फलटणच्या बाजूला मोगराळे घाट उतरताना गाडी जेवढी जड, तेवढी जास्त उष्णता ड्रममध्ये उतरते. ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड सुटत जाते, आणि पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. त्यात डिझेल वाचवायला न्यूट्रलवर उतार सोडला तर इंजिनाचा आवरही गेला. टोचनचा प्रकार आणखी बोलका आहे. बंद पडलेली दुसरी गाडी दोराला बांधून चढावर ओढली की हाफ क्लचवर प्लेट घासते, जळका वास केबिनपर्यंत येतो, आणि पाच मिनिटांनी तो वास जातो म्हणून काम झाले असे वाटते. वास गेला, प्लेटवरचा थर परत आला नाही. हे सारे कुठल्याही गॅरेजमधल्या हेल्परला ठाऊक असते. मालकाला ठाऊक नसते असेही नाही.

या साठत जाणाऱ्या झिजेला आपल्या विचारपरंपरेत एक तयार चौकट आहे, ती कर्माची. केलेले सगळे साठते ते संचित, त्यातले फळाला आलेले ते प्रारब्ध आणि आज हातून होते आहे ते क्रियमाण. जीवात्म्याच्या बाबतीत हा सिद्धांत खरा की खोटा, हे मला सिद्ध करता येणार नाही. पण पोलादाच्या बाबतीत तो व्होलरच्या प्रयोगशाळेत अक्षरशः सिद्ध झाला आहे. आतली चीर हे संचित, आज तुटलेला पाटा हे प्रारब्ध आणि आता हौद्यात चढणारी गोणी हे क्रियमाण. कर्मवादावर सर्वांत जुना आक्षेप असा की पाप करणारा मजेत दिसतो. लोखंडाने त्याचे उत्तर दिले आहे: फळ उशिरा येते म्हणून येत नाही असे नाही. ड्रायव्हरच्या तोंडचे सर्वांत धोक्याचे वाक्य म्हणजे ‘आजवर काही झालं नाही.’ न्यायशास्त्राच्या भाषेत हे अनुमान सोपाधिक आहे, म्हणजे त्याला एक लपलेली अट चिकटलेली आहे. अग्नी आहे म्हणून धूर असेलच असे नाही, इंधन ओले असेल तरच, हे नैयायिकांचे ठरलेले उदाहरण. गाडी आजवर चालली म्हणून उद्या चालेल, हे वजन पासिंगपुरते असेल आणि ग्रीस-ऑइल वेळेवर असेल तरच. ती अट मोडली की सुखरूप झालेली प्रत्येक फेरी गाडीच्या बाजूचा पुरावा राहत नाही, शिल्लक तेवढी कमी झाल्याची नोंद होते. शंभर वेळा वाचलो म्हणून एकशे एकाव्यांदा वाचण्याची शक्यता वाढली, असे वाटते. वस्तुस्थिती उलट असते.

यावर कुणी चार्वाक म्हणेल, मग कुठलेच अनुमान नको. अट पाळली तरी उद्याची खात्री कुठे आहे? खात्री नाही, हे कबूल. पण उदयनाचार्यांनी दहाव्या शतकाच्या सुमारास अशा शंकेला जी मर्यादा घालून दिली, ती इथे पुरेशी आहे: शंका तिथपर्यंतच खरी, जिथपर्यंत ती शंका घेणाऱ्याच्या स्वतःच्या वागण्याशी विसंगत होत नाही. पहाटे तीनला डाळिंब भरून पुण्याच्या मार्केट यार्डाकडे निघणारा माणूस गाडी पोचेल असे धरूनच निघतो. त्याला निरपवाद हमी नको असते, त्याला एवढेच हवे असते की जे आपल्या हातात होते ते आपण केले. भरवसा या शब्दात माणूस इतकेच मागतो.

आता एक रोखठोक आक्षेप. हे सगळे माणसाच्या वागण्यावर ढकलायचे तर काही गाड्या मुळातच चांगल्या आणि काही मुळातच खोडकर असतात, त्याचे काय? हा आक्षेप खरा आहे. १९४७ नंतर मुंबईत जीपची जुळणी सुरू करणाऱ्या महिंद्राच्या परंपरेतून बोलेरो पिकअप आली. १९८६ मध्ये टाटांची ४०७ आली, २००५ मध्ये ‘छोटा हत्ती’ म्हणजे एस आली, २०२२ मध्ये दोन टनांची योद्धा आली. आणि यांच्या चासीत, पाट्यांत, थंड राहण्याच्या ताकदीत खरोखर फरक आहेत. खेड्यातला मेकॅनिक ज्या गाडीचे नाव निघताच मान हलवतो, तिथे काही कारण असतेच. पण कंपनी जे वचन देते ते कशाचे, हे पाहिले पाहिजे. ‘मिलिंदपञ्हा’ या पाली ग्रंथात नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, तू रथातून आलास तर रथ कुठे आहे ते दाखव; आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का, दांडी म्हणजे रथ का? यातले एकही नाही आणि यांच्यावेगळाही रथ नाही. दहा वर्षे चाललेल्या पिकअपला हाच प्रश्न विचारावा. इंजिनचे काम दोनदा झाले, क्लच तिसरा, पाटे बदललेले, हौदा नव्याने पत्रा मारलेला, टायर रिमोल्ड. कंपनीने बनवलेली ‘ती’ गाडी आता कुठे आहे? शोरूममधून निघाली ती एक शक्यता होती. रस्त्यावर जी गाडी उभी आहे ती त्या शक्यतेचे मालकाने, ड्रायव्हरने आणि तीन-चार मेकॅनिकांनी मिळून काय केले, त्याचे रूप आहे. गाडीचा ब्रँड हा तिचा जन्म सांगतो, आणि जन्मावरून माणसाची पारख करू नये असे म्हणणाऱ्या संतांच्या मुलखात गाडीची पारख तेवढ्यावर थांबवणे बरे नव्हे.

दुसरा आक्षेप श्रद्धेच्या बाजूने येतो आणि तो माण तालुक्यात जास्त गंभीरपणे घ्यावा लागतो, कारण गोंदवले याच तालुक्यात आहे. ब्रह्मचैतन्य गोंदवलेकर महाराजांनी (१८४५-१९१३) आयुष्यभर जे शिकवले त्याचा गाभा असा की कर्ता राम आहे, माणसाने आपल्याकडे कर्तेपण घेऊ नये. मग पाटा तुटला तर तो रामाच्या इच्छेने तुटला, इतकेच म्हणून का थांबू नये? या शिकवणीचा रोख कोणावर आहे हे पाहिले की उत्तर मिळते. ती यशाने फुगणाऱ्या आणि अपयशाने खचणाऱ्या अहंकारासाठी आहे. काम झाल्यावर त्याचे श्रेय रामाकडे द्यायचे आहे, काम न करता त्याची जबाबदारी नव्हे. गीतेच्या अठराव्या अध्यायात तर हा हिशोब फार काटेकोरपणे मांडला आहे. कुठल्याही कर्माची कारणे पाच: ज्यावर ते घडते तो आधार, करणारा, निरनिराळी साधने, निरनिराळे व्यापार आणि पाचवे दैव. दैव यादीत आहे, पण पाचवे आहे. आधीच्या चारांची भरपाई ते करत नाही. आणि गंमत अशी की अभियंत्याच्या कॅटलॉगमध्येही दैवाला नेमकी जागा राखून ठेवलेली असते. बेअरिंगचे जे आयुष्य छापतात ते असे असते की ठरलेल्या भारावर, ठरलेल्या वेगाने शंभर बेअरिंग चालवली तर नव्वद तेवढी टिकतील. उरलेल्या दहांत तुमचे असेल की नाही, हे छापणाऱ्याला सांगता येत नाही. सगळे नियम पाळूनही रात्री बारा वाजता दिघंचीच्या पुढे गाडी बसू शकते. तिथे दैव म्हणणे मला अंधश्रद्धा वाटत नाही, ते वस्तुस्थितीचे प्रामाणिक वर्णन वाटते. अडीच टन लादून पाटा तुटल्यावर दैव म्हणणे हे मात्र पाचव्याच्या गळ्यात पहिल्या चारांचे ओझे बांधणे झाले.

भक्ती आणि मेहनत यांचे हे नाते माणदेशाला नवे नाही. शिखर शिंगणापूरच्या चैत्री यात्रेत मुंगी घाटाच्या उभ्या चढणीवरून कावडी वर चढवतात. हजारो माणसे शंभू महादेवाचा गजर करत हाताला हात लावून साखळी धरतात आणि अवजड कावड खालून वर सरकवतात. गजर अखंड चालू असतो, पण म्हणून कोणी हात सोडत नाही. ज्याचा पाय निसटेल त्याला शेजारचा धरतो. म्हसवडला मार्गशीर्ष प्रतिपदेला सिद्धनाथाचा रथ निघतो, तोही माणसांनी दोर खांद्यावर घेतल्याखेरीज हलत नाही. रथ देवाचा असला तरी दोर तुटला तर देवाने सांधावा अशी कोणाची अपेक्षा नसते. याच सातारा जिल्ह्यात राहिलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधात यत्नाला जे जवळजवळ देवत्व दिले, ते या मुलखाच्या रोजच्या अनुभवापलीकडचे नव्हते.

तिसरा आक्षेप विवेकवादी मित्रांचा. पूजेचा अर्थ संयम आणि निगा असा असेल, तर सरळ निगाच करा. वेळेवर ऑइल बदला, ग्रीसिंग करा, हळदकुंकू कशाला? नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचेच. १९८९ मध्ये त्यांनी उभी केलेली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती देवाधर्माला विरोध करत नाही, शोषण करणाऱ्या आणि दिशाभूल करणाऱ्या समजुतींना करते. त्याच कसोटीवर पाहू. गाडीखाली चिरडलेले लिंबू अपघात टाळते असे मानणे ही दिशाभूल आहे, यात वाद नाही. ती समजूत निरुपद्रवी असती तर सोडून देता आली असती. पण ती काळजी करण्याची जागा अडवते, म्हणून घातक आहे. तरीही पूजा टाकून फक्त देखभालीचा तक्ता उरला तर काय हरवते, हे बेंदूर या बैलांच्या सणाकडे पाहून कळते. सातारा-सांगलीकडे बेंदराच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. खिलाराचा खांदा, जिथे वर्षभर जू बसून कातडे जाड झालेले असते, तिथे तूप-हळद लावून चोळतात. दुसऱ्या दिवशी शिंगे रंगवतात, पुरणपोळी खाऊ घालतात, आणि मुख्य म्हणजे त्या दिवशी बैलाला जुंपत नाहीत. या सणात पूजा आणि निगा वेगळी काढताच येत नाहीत. ज्या जागी ओझे बसते नेमकी तीच जागा पूजेची आहे. बैलाला दुखते, गाडीला दुखत नाही, हा फरक मोठा आहे आणि तो पुसू नये. पण त्यामुळे माझा मुद्दा पक्काच होतो. बैल अडतो, बसकण मारतो, डोळ्यांत पाणी आणतो. मालकाला थांबवण्याचे काम तो स्वतः काही अंशी करतो. लोखंड थांबवत नाही. ते मोडेपर्यंत मुकाट्याने वाहते. म्हणून यंत्राच्या बाबतीत मालकाला स्वतःहून थांबण्याची सवय अधिक लागते, आणि सवय तक्त्याने लागत नाही, घरादाराने मिळून पाळलेल्या दिवसाने लागते. आज आपण बॉनेटची पूजा करतो, जिथे ओझे कधीच बसत नाही. खांदेमळणीचा न्याय लावायचा तर हळदीचे बोट पाट्यांच्या गठ्ठ्याला लावायला वाकले पाहिजे. वाकल्यावर तडा दिसेलही.

चौथा आक्षेप सर्वांत अवघड, कारण तो तत्त्वज्ञानाचा नाही. मालक म्हणेल, संयम आम्हाला कळतो; पण भाडे फेरीवर ठरते, डिझेल वाढते, गाडीचा हप्ता दर महिन्याला जातो. मी १७०० किलोवर थांबलो तर शेजारचा अडीच टन नेईल आणि गिऱ्हाईक त्याच्याकडे जाईल. हे खोटे नाही. पावसाच्या भरवशावर शेती आणि शेतीच्या भरवशावर भाडे असलेल्या तालुक्यात हप्ता थकण्याची भीती पाटा तुटण्याच्या भीतीहून जवळची असते. म्हणून ओव्हरलोडला निव्वळ हाव म्हणणाऱ्या शहरी उपदेशाशी मी सहमत नाही. पण या युक्तिवादातून निष्पन्न काय होते? एवढेच की कर्ता एकटा मालक नाही. कमी दरात जास्त माल रेटणारा व्यापारी, काट्यावर वजन पाहूनही पावती फाडणारा, स्वस्त वाहतुकीचा लाभ घेणारे आपण सगळे त्या क्रियमाणात भागीदार आहोत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. तो बहुतेक वेळा जो सर्वांत दुबळा त्याच्या खिशातून जातो. भागीदारी मान्य केली म्हणून मालकाचा वाटा शून्य होत नाही, आणि हौद्यात माल नसून माणसे असतील तेव्हा तर मुळीच नाही. वऱ्हाड असो की यात्रा, मालवाहू गाडीत दाटीने बसलेल्यांसाठी विमा कंपनीला जबाबदार धरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच स्पष्ट केले आहे. तिथे हप्त्याची सबब लंगडी पडते, कारण पणाला लागलेला जीव हप्ता भरणाऱ्याचा नसतो.

आणि इथेच कर्मसिद्धांताचे आणि लोखंडाचे बिनसते. कर्मवादाचा कणा असा की ज्याने केले त्यानेच भोगावे. केलेले फळाविना जाऊ नये आणि न केलेले कुणाच्या माथी येऊ नये. दर्शनकारांनी या दुसऱ्या दोषाला अकृताभ्यागम म्हटले आणि तो टाळण्यासाठी पुनर्जन्मापर्यंत मजल मारली. लोखंडाला हा विवेक नाही. ते संचित अचूक जपते, पण ते कुणाचे याची नोंद ठेवत नाही. पहिल्या मालकाने सहा वर्षे कांदा आणि वाळू मारली, गाडी विकली. सातव्या वर्षी मेंढरे घेऊन निघालेल्या दुसऱ्याचा पाटा घाटात तुटला. विश्वाच्या कारभारात अकृताभ्यागम आहे की नाही, हे पंडितांनी ठरवावे. जुन्या गाड्यांच्या बाजारात तो रोज आहे. पासिंग त्यावर काही अंशी उपाय आहे. व्यापारी गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी योग्यता दाखला काढावा लागतो. पण केसाएवढी चीर पासिंगच्या मैदानावर दिसत नाही, आणि पासिंगपुरता पाटा, पासिंगपुरता टायर असले प्रकार कुणाला नवे नाहीत. निसर्गाने जी नोंद ठेवली नाही ती ठेवणारा एकच जण उरतो: विकणारा. कर्माचा न्याय जिथे आपोआप होत नाही, तिथे तो माणसाच्या बोलण्यातून व्हावा लागतो.

महाभारताच्या शांतिपर्वात तुलाधार नावाच्या वाराणसीच्या व्यापाऱ्याची कथा आहे. जटांत पाखरांनी घरटे बांधेपर्यंत तप करणारा जाजली धर्म शिकायला त्याच्याकडे येतो. तुलाधार आपला धंदा सांगतो: माल विकतो तो कपट न करता, आणि तराजू सगळ्यांसाठी सारखा धरतो. त्याच बोलण्यात तो बैलांना वेसण टोचून त्यांच्यावर भारी ओझी लादणाऱ्यांवरही तुटून पडतो. सौद्यातला खरेपणा आणि ओझ्याची मर्यादा या दोन गोष्टी त्या व्यापाऱ्याला वेगवेगळ्या वाटल्या नाहीत. आपल्याकडे गाडीच्या विक्रीच्या कागदावर ‘आहे त्या स्थितीत’ असे लिहून घेतात, आणि १९३०चा मालविक्री कायदाही साधारणपणे घेणाऱ्यानेच डोळे उघडे ठेवावेत असे मानतो. घेणारा जाणकार असेल तर तो बॉनेट उघडत नाही, मागे जाऊन खाली वाकतो. मूळ गठ्ठ्यात नसलेला, वेगळ्या जाडीचा, नव्या यू-बोल्टने आवळलेला एक जादा पाटा दिसला की गाडीने आयुष्य कसे काढले ते त्याला कळते, मीटरवर आकडा कितीही कमी असो. पण सगळेच घेणारे जाणकार नसतात. गलाईचा, म्हणजे सोने-चांदी गाळण्याचा धंदा सोडून गावी परतलेला किंवा पहिल्यांदाच शेळ्यांचा व्यापार करू पाहणारा एखादा पोरगा रंग आणि टायर बघून पैसे मोजतो. त्याला विकणाऱ्याने न विचारता सांगायचे ते इतकेच: भाडे कशाचे मारले, जादा पाटा कधी घातला, टोचन किती केले, इंजिनला हात कितींदा लागला आणि मीटर खरा आहे का. सांगितले तर भाव उतरतो. जो उतरतो तो त्या संचिताचाच भाव असतो, आणि तो पहिल्याने भरायचा की दुसऱ्याने, एवढेच त्या सौद्यात ठरायचे राहिलेले असते.